बुडवून न पाहिलेल्या सात बोटी

चाळीस वर्षांत वेंकोबानं कागदाशिवाय एक स्क्रूसुद्धा पिळला नव्हता. मद्रासेत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत त्याची शेड होती आणि शेडच्या दाराशी त्यानं स्वतःच्या हातानं तमिळमध्ये पाटी रंगवून लावली होती: आधी लेखी ऑर्डर, मग बोलणं. लोक हसत. हसोत बापडे. गिऱ्हाईक आज 'हो' म्हणतं आणि उद्या 'मी कधी म्हटलं?' म्हणतं, हे ज्याला उमजलं नाही त्यानं धंदा करूच नये, देवळात जाऊन घंटा बडवावी, असं त्याचं मत.

अशा माणसानं आयुष्यात एकदाच तोंडी हुकुमावर काम केलं. त्या कामानं चार माणसं गिळली. त्यातला एक त्याचा सख्खा भाचा, रघु.

शेडमध्ये फायबरच्या बोटी होत. मोठ्या नव्हेत, आठ-दहा माणसांच्या, सहलीच्या. शहराच्या दक्षिणेला खाडीत शनिवार-रविवारी सिरुसेरीची कंप्युटरवाली पोरं-पोरी केशरी जाकिटं घालून ज्या पिवळ्या बोटींत किंचाळतात ना, त्या वेंकोबाच्या. साच्यात फायबरची चटई अंथरायची, तिच्यावर राळ चोपडायची, थरावर थर चढवायचे, वाळलं की बोटीचं अंग सुटतं. पण खरं मर्म तळाशी. पाय ठेवायच्या फळीखाली पोकळी असते आणि त्या पोकळीत वेंकोबा फोम ओतायचा. दोन पातळ रसायनं एकत्र केली की दुधासारखी उतू येतात आणि बघता बघता वाळून टणक, पिवळी, पिसासारखी हलकी होतात. मग बोट काठोकाठ पाण्यानं भरली तरी खाली जात नाही. माणसं कडा धरून तासन्‌तास जिवंत राहतात.

हे तो नुसतं तोंडानं सांगत नसे. नवी बोट झाली की ती खाडीत न्यायची, पंप लावून पाण्यानं भरायची, आणि वेंकोबा धोतर खोचून स्वतः तिच्यात मांडी ठोकायचा. छातीपर्यंत पाणी, हातात कापीचा, म्हणजे कॉफीचा, टंबलर, आणि गिऱ्हाईक काठावर आ वासून उभं. कापी संपेपर्यंत बोट तरंगली तर विकायची. याला शेडमध्ये 'बुडवून पाहणं' म्हणत. बुडवून न पाहता एकही बोट बाहेर गेली नव्हती.

मग लढाई लागली.

कुणाशी, कशापायी, ते टीव्हीवाले नरडं ताणून सांगत होतेच. नौदलाची मोठी जहाजं दूर खोल समुद्रात गेली आणि मागं किनारा राखायला एक नवं मंडळ उभं राहिलं, किनारा पहारा मंडळ. मंडळाकडे खुर्च्या होत्या, शिक्के होते, जीपगाड्या होत्या. बोटी तेवढ्या नव्हत्या. तेव्हा दिसतील त्या उचलल्या. मच्छीमारांच्या घेतल्या, हॉटेलवाल्यांच्या घेतल्या आणि खाडीतल्या सात पिवळ्या बोटीही घेतल्या. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात तसे बोटींबरोबर त्यांचे चालकही गेले. चौथ्या बोटीचा चालक रघु.

सातही बोटी वेंकोबाच्या शेडमध्ये आल्या. नऊ कलमांचा छापील कागद आला. करडा रंग द्या, नाकाला लोखंडी पत्रा ठोका, बंदुकीचं स्टँड बसवा, वायरलेस लावा, शोधदिवा लावा. वेंकोबानं कागद फाइलीला लावला आणि कामाला लागला. खाडीच्या संथ पाण्यासाठी केलेल्या बोटी समुद्रावर धाडणं म्हणजे देवळातली पालखी घेऊन डोंगर चढणं, हे त्याला कळत होतं. पण लढाई आहे, देश आहे, कागद आहे. तो गप्प बसला.

आणि मग संकेत आला.

संकेत मंडळाचा तांत्रिक अधिकारी. तिशीचा, नाशिककडचा, इस्त्रीचा शर्ट. वेंकोबा तेव्हा फोनवर आपल्या थोरल्या बहिणीशी, रघुच्या आईशी, सकवारबाईशी वाद घालत होता. विषय नेहमीचाच, तिची रक्तदाबाची गोळी.

"अक्का, गोळी घेटलीस कां? खोटं बोलूं नको. तुझ्या सुनेला विचारतों बघ."

फोन ठेवला तर संकेत डोळे मोठे करून बघतोय.

"काका, तुम्ही मराठी?"

"होय की. तंजावरचे आम्ही. तीनशे वर्षं जालीं येऊन."

"अहो, काय गोड बोलता! जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं. आणखी बोला ना काहीतरी."

आता हे तंजावरकडच्या मराठी माणसाला काय होतं, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. त्याच्या बोलण्याला मद्रासेत कोणी मराठी समजत नाही आणि पुण्याचा माणूस त्याला हसतो. वेंकोबाची मुलगी हरिप्रिया सिरुसेरीला नोकरीला. ती बापाला इंग्रजीत उत्तर देते. घरात मराठी उरली ती देवापुढं आणि भांडणात. चाळीस वर्षं वेंकोबा साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला, पण साहेबाच्या खुर्चीतून कधी त्याला 'काका' ऐकू आलं नव्हतं. त्या एका शब्दानं म्हातारा वितळला. लोण्याचा गोळा परवडला.

त्यानं संकेतला घरी जेवायला नेलं. पिट्लं केलंय म्हटल्यावर पोरगा खूश. पानात बघतो तर वांग्याची आंबट, डाळ घातलेली आमटी.

"काका, हे पिठलं?"

"हेंच पिट्लं. तुमच्याकडं काय करतात?"

"आमच्याकडे हे बघून आई मला घराबाहेर काढेल!" दोघंही खळखळून हसले. रघुही होता जेवायला. जाताना संकेत रघुच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तू काय, आपलाच माणूस."

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"काका, एक घोळ झालाय. बोटीत पेट्रोल तीन तासांचं मावतं. वरून हुकूम आलाय आठ तासांच्या पहाऱ्याचा. जास्तीची टाकी कुठे बसेल?"

"कुठं बसणार? जागाच नाहीं."

"फळीखाली?"

"तिथं फोम आहे, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ; संकेतला तो आता तसंच म्हणे.

"मग काढा की फोम."

वेंकोबानं हातातला ब्रश खाली ठेवला. मग सावकाश म्हणाला, "फोम काढला तर भरली बोट तरंगत नाहीं. दगडासारखी जाते."

"अहो, पण भरू कशाला द्यायची? पंप आहे ना! दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, काका. सगळे माझ्या मानगुटीवर बसलेत. परक्या माणसाला नाही सांगत मी, आपल्या माणसाला सांगतोय."

"लेखी धाडतां कां?"

"धाडतो की. उद्याच. तुम्ही सुरू तर करा. का माझ्यावर विश्वास नाही?"

चार मिनिटांचा फोन. वेंकोबानं दाराशी लावलेली स्वतःची पाटी त्याच्या पाठीमागं होती, आणि पाठीला डोळे नसतात.

शेजारची शेड राजगोपालची. त्यालाही मंडळाच्या पाच बोटी होत्या आणि त्यालाही तोच फोन आला होता, इंग्रजीत. दोघं चहाच्या गाडीवर भेटले.

"मी सांगितलं, कागद आण, मग छिन्नी लावतो," राजगोपाल तमिळमध्ये म्हणाला. "पुन्हा फोन नाही आला. राव, तू घेतलास ना कागद?"

"उद्या येतोय. मुलगा आमच्या भाषेतला आहे."

राजगोपालनं ग्लास खाली ठेवला. "भाषेला शिक्का असतो का रे? कोणी विचारलं तर काय दाखवशील, जीभ?"

वेंकोबाला राग आला. या तमिळ माणसाला काय कळणार, असं त्याच्या मनात आलं. खरं सांगायचं तर हाच तो क्षण. बोट समुद्रात नंतर बुडाली. खरी बुडाली ती इथं, चहाच्या गाडीवर.

फोम काढणं सोपं नसतं. तो फायबरला असा चिकटतो की छिन्नीनं तुकडा तुकडा उकरावा लागतो. पाच दिवस शेडमध्ये पिवळा भुसा उडत होता. पोत्यामागून पोती भरून मागच्या भिंतीला रचली. पोकळीत लोखंडी टाक्या गेल्या. 'उद्या' काही उगवला नाही. वेंकोबानं दोनदा फोन केला. संकेत मीटिंगमध्ये होता. तिसऱ्यांदा केला नाही. आपल्या माणसाला किती टोचायचं?

रघु आपली बोट न्यायला आला, तिला पाण्यात घातली, एक चक्कर मारली आणि परत येऊन मामाकडं बघत राहिला.

"मामा, ही आतां बसते."

"बसते म्हणजे?"

"पूर्वी नाचत होती. आतां म्हातारीगत बसते. खालीं काय केलंस?"

"टाकी घातली. वजन जालं थोडं. लाट मागून घेऊं नको म्हणजे जालं."

"बुडवून पाहिलास ना?"

"वेळ कुठं आहे, रघु? तीन महिन्यांचं काम." वेंकोबा वळून हात धुवायला लागला. हात स्वच्छ होते.

"सेरी, बरं," रघु म्हणाला. "तूं केलीस ना? मग काय." आणि इंजिन सुरू केलं.

सातही बोटी गेल्या. एकही बुडवून पाहिली नाही. वेळ नव्हता हे खोटं. पंप लावायला अर्धा तास लागतो.

ऐप्पसी महिन्यात, म्हणजे ऑक्टोबर सरता सरता, या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा सुटतो आणि समुद्र पिसाळतो. सकाळी अकराच्या सुमाराला, कोवळमच्या समोर, चौथ्या बोटीवरून वायरलेसवर रघुचा आवाज आला, "मागून पाणी चढतंय. पंप बसला." पुढं काही नाही. बोटीवर चौघं होते, रघु आणि तीन पहारेकरी. कोणी वाचलं नाही. रघु तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला. सकवारबाईनं ओळखला तो पायाच्या अंगठ्यावरून, कारण वर ओळखण्यासारखं माशांनी काही ठेवलं नव्हतं.

मंडळानं चौकशी समिती बसवली. तिचा निकाल लागायच्या आधीच पेपरात बातमी आली, मंडळातल्याच कोणीतरी पुरवलेली: चालकानं भरधाव वळण घेतलं, बोट उलटली. चालकाचा निष्काळजीपणा.

मेलेल्या माणसावर ढकलण्यासारखं सोपं काम जगात दुसरं नाही. तो उठून उत्तर देत नाही.

बातमी आली त्याच दुपारी तीन पहारेकऱ्यांपैकी एकाची आई सैदापेटात सकवारबाईच्या दारात आली. बरोबर बायका होत्या. तिनं रस्त्यावरची माती मुठीत घेतली, दारावर उधळली आणि शाप दिला: माझं पोर तुझ्या पोरानं मारलं, तुझ्या घराची माती होवो. गल्ली बघत होती. रघुची बायको तुळसी दाराआड उभी होती, हात पोटाशी घट्ट धरून. शेजारपाजारचं येणंजाणं दुसऱ्या दिवसापासून थांबलं. दूधवाला पिशवी दारात न ठेवता फाटकावर टांगून जाऊ लागला.

सकवारबाईनं भावाला बोलावलं. ती रडत नव्हती. रडणं संपलं होतं.

"वेंकू, पोर गेलं तें गेलं. तें मी कुणाकडं मागत नाहीं. पण त्यानं तिघांना मारलं असं लिहूं देऊं नको. इतकंच कर. तुला बोटींतलं कळतं. जाऊन सांग त्यांना."

"सांगतों, अक्का," वेंकोबा म्हणाला. फोमचं तिला त्यानं सांगितलं नाही.

चौकशी जॉर्ज टाउनमध्ये, बंदराजवळच्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली हमाल मिरचीची पोती उतरवत होते. वर समितीतले सगळे शिंकत होते. अध्यक्ष पद्मनाभ, निवृत्त इंजिनियर, चेहऱ्यावर मणभर थकवा. त्याच्या डाव्या हाताला संकेत.

वेंकोबानं तमिळमध्ये सगळं सांगितलं. फोम काय असतो, तो का असतो, तो काढला म्हणजे काय होतं. रघुनं वळण घेतलं म्हणून नव्हे, मागून लाट आत आली आणि पोकळ बोट दगडासारखी गेली म्हणून माणसं मेली. फोम काढायला या साहेबांनी फोनवर सांगितलं.

"लेखी आहे?" पद्मनाभनं विचारलं.

"नाही."

"नऊ कलमांत फोम काढा असं कुठं आहे?"

"नाही."

पद्मनाभनं संकेतकडे मान वळवली. संकेत इंग्रजीत म्हणाला, फोन झाला होता, रंगाबद्दल बोलणं झालं, फोमचा विषय आपल्याला आठवत नाही. आवाज एकदम सपाट. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीसारखा.

वेंकोबाला समिती दिसेनाशी झाली. तो सरळ त्या पोराकडं वळला आणि मराठीत बोलला, "तंबी, असं नको करूं. माज्या घरीं जेवलास तूं. रघुच्या खांद्यावर हात ठेवला होतास. सांग की त्यांना. मीं काढला, तूं सांगितलास, दोघांचं दोघांनी घेऊं. नुसतं पोराचं नांव तेवढं सोडव."

खोलीत कोणालाच ते कळलं नाही. कळलं फक्त एकाला. त्याची कानशिलं लाल झाली, तेवढं वेंकोबाला दिसलं. मग संकेत अध्यक्षांकडं बघून इंग्रजीत म्हणाला, "हे गृहस्थ काय म्हणाले ते त्यांनी कृपया समितीच्या भाषेत सांगावं."

असं मारता येतं माणसाला. बंदूक लागत नाही.

जिन्यात पद्मनाभनं त्याला गाठलं. माणूस वाईट नव्हता, नुसता पेन्शनीत गेलेला होता. हळू आवाजात म्हणाला, "वेंकोबाराव, माझ्या फॉर्मात कारणाचे दोनच रकाने आहेत. चालक, नाही तर बांधणी. तिसरा रकाना नाही. हुकूम सिद्ध होत नाही. तुम्ही स्वतः फोम काढला असं लेखी दिलंत तर मी 'बांधणी'वर खूण करीन. तुमचा भाचा सुटेल. तुमच्यावर खटला होईल. नाही दिलंत तर 'चालक'वर खूण आधीच झाल्यासारखी आहे. परवापर्यंत सांगा."

तिथून वेंकोबा सरळ सैदापेटला गेला. दुपार होती. तुळसीनं दार उघडलं. सकवारबाई जमिनीवर, भिंतीला टेकून. वेंकोबानं बसून सगळं सांगितलं. फोन, संकेत, 'उद्या धाडतो', चहाची गाडी, आजची खोली. संकेतला त्यानं येतील तेवढ्या शिव्या घातल्या. "फसवलं मला, अक्का. आपल्या भाषेंत बोलून फसवलं त्या पोरट्यानं."

सकवारबाई ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"बुडवून पाहिलास?"

वेंकोबा फरशीचा सांधा नखानं उकरू लागला.

"लहानपणीं रघु तुझ्याबरोबर त्या भरल्या बोटींत बसायचा. तुझ्या टंबलरांतली उरली कापी प्यायचा. सगळ्या बोटी बुडवून पाहिल्यास तूं. कोणाकोणाच्या. ही पाहिलास?"

"नाहीं."

"कां?"

त्याला उत्तर ठाऊक होतं. ती बोट तरंगणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून. बुडवून पाहिली असती तर ती त्याच्याच डोळ्यांपुढं, त्याच्याच बुडाखाली खाली गेली असती आणि मग त्याला 'नाही' म्हणावं लागलं असतं. काका म्हणणाऱ्या तोंडाला नाही म्हणावं लागलं असतं.

"तो नाशिकचा पोर," सकवारबाई म्हणाली, "त्याला बोट म्हणजे काय कळतं? चार पुस्तकं वाचला असेल. छिन्नी कोणाच्या हातांत होती, वेंकू?"

तुळसी आतून कापी घेऊन आली होती. दारातच थबकली.

"तुळसी," सकवारबाई भावाकडं न बघता म्हणाली, "ती कापी मोरींत ओत."

वेंकोबा उठला. चपला पायात न घालता हातातच घेऊन तो अनवाणी बाहेर पडला. गल्लीतल्या डांबरावर दुपारचं ऊन होतं. त्याला काही लागलं नाही.

शेडमध्ये येऊन त्यानं कागद काढला. ठरवलं होतं एक खोटं लिहायचं: फोम मी माझ्या मनानं काढला, कोणी सांगितलं नव्हतं. दोन ओळी, सही, संपलं. पण लिहायला बसला आणि ते खोटं काही लिहून होईना. लिहिलं ते असं, की फोम काढल्यावर काय होतं हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी बुडवून पाहिली नाही कारण पाहायची माझी छाती झाली नाही. चार माणसं माझ्या हातानं गेली. चालक रघु यानं बोट जड झाल्याचं मला सांगितलं होतं आणि मी त्याला गप्प केलं. आणि शेवटी, कोणी मागितलं नसताना, मोठ्या अक्षरांत लिहिलं: बाकीच्या सहा बोटीही तशाच आहेत. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. त्या ताबडतोब पाण्याबाहेर काढा.

पद्मनाभनं शब्द पाळला. 'बांधणी'वर खूण झाली. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, चालक निर्दोष. पहारेकऱ्याची आई पुन्हा आली म्हणतात, दारातली माती स्वतःच्या पदरानं पुसून गेली. वेंकोबाला पोलिसांनी नेलं, दहा दिवसांनी जामिनावर सोडलं. शेडला सील लागलं. संकेतची बदली झाली, मंडळाच्या मोठ्या कचेरीत, वरच्या जागेवर. सकवारबाईनं दार उघडलं नाही. ना जामिनाच्या दिवशी, ना नंतर. तुळसी एकदा फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "मामा, येऊं नका. त्यांचं चुकत नाहीं."

आणि सहा बोटी?

वेंकोबा पद्मनाभच्या घरी गेला. पद्मनाभ झोपाळ्यावर बसला होता. त्यानं टाइप केलेला अहवाल पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं, बोट क्रमांक चारच्या बांधणीत दोष आढळला. एवढंच.

"मी सहांचं लिहिलं होतं."

"लिहिलं होतंत. मी वर पाठवलं. त्यांनी विचारलं, सहा बोटी काढल्या तर एवढ्या लांब किनाऱ्यावर पहारा कोण करणार? लढाई संपली की बघू म्हणाले." पद्मनाभनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी एकदा सांगितलं, राव. दोनदा सांगायला मला खुर्ची उरली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंकोबा काशिमेडूच्या धक्क्यावर गेला. मासळीचा लिलाव रंगात आला होता, बायका ओरडत होत्या, बर्फाच्या लाद्या फुटत होत्या. धक्क्याच्या टोकाला दोन नंबरची बोट बांधलेली. करड्या रंगाचे पोपडे निघाले होते, खालून पिवळा दिसत होता. बोटीवर तीन पहारेकरी चढून बसले होते, विशीतली पोरं, मोबाईलवर काहीतरी बघून हसत होती. चालक खाडीतलाच जुना, रघुबरोबर काम केलेला. तो इंजिनवर वाकला होता.

"थांब," वेंकोबा तमिळमध्ये ओरडला. "जाऊ नको. हिच्या खाली फोम नाही. मी काढला. पाणी भरलं की सरळ तळाला जाईल."

चालकानं मान वर केली. वेंकोबाला ओळखलं. हसला नाही, चिडलाही नाही.

"माहीत आहे, अय्या." बापाच्या वयाच्या माणसाला तिथं मानानं 'अय्या' म्हणतात.

"माहीत आहे?"

"रघु गेला त्याच दिवशी कळलं. आम्ही काय, पोकळ बोट नि भरीव बोट ओळखत नाही? आम्हीच बाजारातून रिकामे प्लास्टिकचे कॅन आणले, बारा, आणि बाकाखाली बांधले. तेवढंच आपलं. तर तपासणीला साहेब आला. म्हणाला, हे काय भंगार, लढाऊ बोट आहे की दूधवाल्याची सायकल? काढायला लावले. काढले."

"मग जाऊ नको! नाही म्हण!"

"गेलो नाही तर आत टाकतात. परवाच एकाला टाकला." त्यानं इंजिनची दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. पहारेकऱ्यांपैकी एकानं हेडफोन काढून विचारलं, "काय म्हणतोय आजोबा?"

"काही नाही," चालक म्हणाला. "लाट सांभाळ म्हणतोय."

वारा ईशान्येचाच होता. धक्क्याच्या बाहेर पांढरे फेस फुटत होते. चालकानं एकदा तिकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं. पहाऱ्याला उशीर झाला होता. बोट एकाच दोरानं धक्क्याच्या खुंटाला बांधली होती आणि खुंट वेंकोबाच्या पायाशी होता.

"अय्या," चालक म्हणाला, "तेवढा दोर सोडा."

वेंकोबा उभा राहिला. मागं कोळिणी सुरमईचा भाव ओरडत होत्या. कोणी त्याच्याकडं बघत नव्हतं. पोरं पुन्हा मोबाईलमध्ये गेली होती. चालकानं हात पुढं करून दोर हलवला, जरा सैल केला, म्हाताऱ्याला वाकायला सोपं जावं म्हणून.

"सोडा, अय्या. नाही तर मला उतरून सोडावा लागेल."

वेंकोबा वाकला आणि दोर सोडला.